महोदय, मला रूट मिळावे ही विनंती

शिमग्याचे ढोल निवतात न निवतात तोच वैभववाडीत आणखी एक हंगाम सुरू होतो. गूगल समर ऑफ कोडचे अर्ज भरायचा. 2005 पासून चालत आलेला हा उपक्रम. आधी फक्त विद्यार्थ्यांसाठी होता, 2022 पासून अठरा वर्षांवरच्या कोणाही नवशिक्याला खुला झाला. मुक्त सॉफ्टवेअरच्या एखाद्या प्रकल्पात काही आठवडे काम करायचं आणि डॉलरच्या हिशेबात मानधन घ्यायचं. मानधनाचा दर देशागणिक वेगळा, भारतातल्या पोराला अमेरिकेतल्या पोराहून कमी. याचं इथे कोणाला नवल वाटलं नाही. आपल्या मालाचा भाव लांब बसलेल्या माणसाने ठरवायचा, याची कोकणाला सवय आहे.

आमच्या वाडीतल्या बी.एस्सी. आयटीच्या एका होतकरू तरुणाने यंदा सिस्टिम अ‍ॅडमिनच्या कामावर डोळा ठेवला. अनुभव दांडगा: भावकीच्या, क्रिकेट टीमच्या आणि दहावीच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा तोच अ‍ॅडमिन. भावकीच्या ग्रुपवरून सख्ख्या काकांना काढून दाखवलेलं. सर्व्हरवर वाट्टेल ते करू देणारे ‘रूट’ अधिकार मागणारा अर्ज त्याने रीतसर लिहिला. ‘प्रति, मा. डेबियन साहेब यांस. विषय: रूटचे अधिकार मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून...’ सोबत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, एमएस-सीआयटी, रहिवासी दाखला आणि ‘सदर इसमाची वर्तणूक चांगली आहे’ असं सरपंचांचं पत्र, सगळं साक्षांकित. आमदारांची चिठ्ठीही मिळायची, पण स्वीय सहाय्यकाने विचारलं, ‘हे डेबियन कुठल्या खात्यात येतं?’ तिथे गाडी अडली.

आजोबांची शंका वेगळीच. ‘फुकट वाटतत म्हणतस, मगे तुका पैशे खंयसून देतले? नीट बघ रे, आधी आपल्याकडनाच भरून घेतले!’ म्हातारा अगदीच चुकला नव्हता. फी भरून घेऊन घरबसल्या इंटर्नशिपचं प्रमाणपत्र देणारी दुकानं सध्या जोरात आहेत. काम काही नाही, प्रमाणपत्र मात्र चकचकीत.

डेबियन हे कोणी साहेब नव्हेत. 1993 पासून जगभरचे स्वयंसेवक मिळून चालवतात तो लिनक्सच्या एका ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रकल्प. तिथे सरपंच चालत नाहीत. तुम्ही काय दुरुस्त केलंत, एवढंच बघतात, आणि इथेच आपली पंचाईत होते. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट नावाच्या उपक्रमात चार दुरुस्त्या पाठवणाऱ्याला टी-शर्ट होता. आपल्याकडच्या पोरांनी एक व्हिडिओ बघितला आणि जगभरच्या प्रकल्पांच्या माहितीपत्रकात ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ अशी भर घालायला सुरुवात केली. आयोजकांना भर महिन्यात नियम बदलावे लागले. 2024 च्या सुरुवातीला एक्सप्रेस या प्रकल्पाच्या दारात तोच प्रकार: पोरांनी दुरुस्ती म्हणून स्वतःचं नावच लिहून पाठवलं. फुकटात काम करणाऱ्या माणसाची अख्खी सकाळ असली नावं खोडण्यात जाते, आणि मग तो भारतातून आलेला खरा अर्जही जरा तिरप्या नजरेनेच वाचतो.

सिस्टिम अ‍ॅडमिनचं काम, म्हणजे सर्व्हर चालते ठेवणं आणि एक वाट बंद पडली तर दुसरी तयार ठेवणं, आमच्या तालुक्याला खरं तर सहज समजावं. 2024 च्या जानेवारीत करूळ घाट काँक्रिटीकरणासाठी बंद झाला. वर्षभर कोल्हापूरची वाहतूक भुईबावडा आणि फोंडा घाटावर आली. पर्यायी रस्ता कागदावर असणं वेगळं आणि त्याच्यावर सगळी वाहतूक आल्यावर तो टिकणं वेगळं, हे तेव्हा एसटीतल्या प्रत्येक प्रवाशाला कंबरेतून कळलं. लोकांचे सॉफ्टवेअर प्रकल्प सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीला हेच 31 जानेवारी 2017 रोजी कळलं. थकलेल्या अभियंत्याने भलत्याच सर्व्हरवरचा डेटा पुसला. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, वेळेला एकही धड चालेना. कोणीतरी सहा तासांपूर्वी सहज म्हणून हाताने घेतलेली प्रत होती, तिच्यावर निभावलं. कौतुक हे, की त्यांनी ही सगळी फजिती यूट्यूबवर थेट दाखवली. आपल्याकडे चौकशी समिती नेमली असती आणि समितीचा अहवाल त्याच सर्व्हरवर ठेवला असता.

मग रूट कोणाला द्यायचं? प्रमाणपत्रं सोडा, नुसत्या सद्वर्तनावरही देता येत नाही. एक्सझी या छोट्या पण लिनक्सवर जिकडेतिकडे असलेल्या सॉफ्टवेअरच्या कामात ‘जिया टॅन’ नावाने कोणी दोन वर्षांहून जास्त काळ नम्रपणे, चिकाटीने, बिनपगारी मदत करत होता. आदर्श उमेदवारच म्हणा ना. मार्च 2024 मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद उशीर का होतोय, असा प्रश्न पडला. खणत गेल्यावर दिसलं, की या गृहस्थाने आत चोरदरवाजा बसवून ठेवलाय. अर्धा सेकंद! आपल्याकडे सर्व्हर डाऊन म्हटलं, की सेतूच्या दारातला माणूस अर्धा दिवस मुकाट बसतो.

त्यामुळे फेडोरासारखा लिनक्सचा प्रकल्प नवख्याला अप्रेंटिस म्हणून घेतो, तेव्हा त्याला सर्व्हरमध्ये डोकावता येतं, काही बदलता येत नाही. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअरच्या फेलोशिपसाठी विद्यार्थ्यांना आधी एक काम करून दाखवायला सांगतो आणि त्यावरून निवडतो. आमच्या होतकरूला हे अन्यायकारक वाटतं. काम करता आलं असतं तर अर्ज कशाला केला असता, असा त्याचा बिनतोड सवाल आहे.

तेव्हा पोरांनो, माळ्यावरचा जुना लॅपटॉप काढा, त्यावर डेबियन चढवा आणि पावसाळ्यातले विजेचे झटके सोसून तो महिनाभर चालता ठेवा. स्पोकन ट्युटोरियल या संकेतस्थळावर लिनक्सचे धडे मराठीतही आहेत, तेवढं नेट वैभववाडीत मिळतं. बॅकअप घ्या आणि तो परत आणून बघा. अडलं कुठे, सुटलं कसं, हे रोजच्या रोज लिहून ठेवा आणि अर्जाला तेच जोडा. सरपंचांचं पत्र तेवढं काढून घ्या.