आमचाच चंद्र, आमच्याच चपला

मुलाने मोबाइलवर भूमध्य समुद्राचा फोटो दाखवला. निळंशार पाणी, काठाला रांगेने छत्र्या, खाली खुर्च्यांवर उताणी पडलेली माणसं. माय चष्मा पुसून म्हणाली, "आजारी हायेत का रं सगळी?" दिवसाउजेडी इतका वेळ आडवं पडायचं ते तापानेच, हा तिचा हिशेब.

तरी समुद्रावर जायचं ठरलं. ग्रीस-स्पेन आमच्या टप्प्याबाहेर, आणि गणपती असल्याशिवाय माय हलणार नाही. म्हणून आमच्या गावच्या, लिंबागणेशच्या भालचंद्र गणपतीपुढे नारळ फोडून गणपतीपुळ्याला निघालो. २०१९ चा मे. टँकर आला की आमचेही दोन बॅरल भरा, असं शेजाऱ्यांना तीन तीनदा सांगून झालं. जामखेड, करमाळा, पंढरपूर, कोल्हापूर. आंबा घाटात दोन्ही लेकरं ओकली आणि सुट्टी सुरू झाली.

खोलीच्या नळाला चोवीस तास पाणी. मायसाठी प्रेक्षणीय स्थळ तेच, समुद्र नंतर. अंघोळीचं पाणी तिने बादलीत धरलं, त्यात लुगडं खंगाळलं, उरलेल्याने फरशी पुसली आणि शेवटचा तांब्या घालायला झाड शोधत बाहेर गेली. साफसफाईचा पोरगा दारात नुसताच उभा.

संध्याकाळी फोटोतल्यासारखी चटई अंथरली. दगाबाज पाणी म्हणून लेकरांना गुडघ्यापुढे सोडलं नाही. अप्पा मात्र खरोखर उताणे पडले आणि घोरू लागले. भूमध्य समुद्राला भरती येते ती साधारण वीत-दोन वीत; तिथल्या खुर्च्या जागच्या हलत नसणार. आपल्याकडे उधाणाला पुरुषभर पाणी चढतं, आणि त्या दिवशी नेमकी बुद्धपौर्णिमा. पहिल्या लाटेने धपाट्यांचा डबा नेला, दुसरीने अप्पांची झोप, तिसरीने चार जोड चपला.

"आज उधाण आहे, काका," शहाळीवाला म्हणाला. "चंद्राला विचारूनच बसायचं इथे."

हे ऐकून माय जी चिडली! गणपतीला हसून शाप ओढवून घेतलेल्या चंद्राने उःशापासाठी तप केलं ते लिंबागणेशला, ही कथा आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. "आपल्या गावात याचा शाप उतरला," ती वर बघून म्हणाली, "आन् हितं आपल्याच चपला नेतो व्हय रं?" चंद्र मुकाट्याने नारळीच्या झाडामागे गेला.

दुसऱ्या दिवशी देवाच्या डोंगराला प्रदक्षिणा घातली. तिथे डोंगरच गणपती मानतात, त्यामुळे फेरा चांगला किलोमीटरभराचा. अनवाणी चालायचं होतं. आमची तयारी आदल्या दिवशीच झालेली. अप्पा तीन दिवस ज्वारीची भाकरी शोधत होते. उकडीचे मोदक पोटात गेल्यावर शोध थोडा मंदावला. विश्रांती म्हणाल तर ती गाडीच्या टायरांना तेवढी मिळाली.

निघताना मायने बाटलीभर समुद्र घेतला. ते खारं असतं यावर गावात कोणी विश्वास ठेवत नव्हतं, म्हणून शेजारणीने बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं, "एवढं पानी, आन् सगळं वाया!" बाटली आता देवळीत आहे. दर पौर्णिमेला धाकटा पोरगा तिच्यावर पेनाने रेघ मारतो आणि पाणी रेघेच्या वर चढतंय का, हे बघत झोप येईपर्यंत बसून राहतो.