बारके बारक्यात

घरी मोटारसायकल खोलायची असेल तर पाने-पेचकस नंतर, आधी पंचांग बघावं. पितृपक्षात खोललेलं इंजिन घटस्थापनेआधी बसलं नाही तर ते दसरा काढण्यात सापडतं. आणि धाराशिवात दसरा काढणं म्हणजे साधी झाडलोट नव्हे. तुळजापूर हाकेच्या अंतरावर, साक्षात आई येणार, त्यामुळे गोधड्या, पितळी डबे, फळ्या, पाट, सगळं अंगणात येतं, धुतलं जातं, वाळतं आणि आत जातं. होतं तिथंच जातं असं नाही.

आमची स्प्लेंडर वडिलांनी घेतलेली. 1994 साली हे मॉडेल निघालं तेव्हा हिरो आणि होंडा एकत्र नांदत होते. पुढे त्यांची वाटणी झाली, पण गाडीला ते कुणी सांगितलं नसावं. ती कळंब-येरमाळा रस्त्यावर धावतच राहिली. अलीकडे निळा धूर मारायला लागली. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रिंगा गेल्या, नाहीतर व्हॉल्व्हची सीलं. 97.2 सीसीचं इंजिन, पिस्टन मुठीत मावेल एवढा. एवढ्याशा इंजिनात कितीसे पार्ट असणार, असं म्हणणाऱ्यानं ते कधी खोललेलं नसतं.

हायवेवरच्या पत्र्याच्या शेडमधला मेस्त्री सगळे पार्ट एका घमेल्यात टाकतो. बोल्ट, वायसर, डॉवेल, सगळे पेट्रोलमध्ये एकत्र डुंबत असतात. संध्याकाळी गालात मावा धरून, गिऱ्हाइकाशी सोयाबीनच्या भावावर बोलत, तो न बघता हात घालतो आणि जो बोल्ट हाताला लागतो तो नेमका त्याच भोकाचा असतो. ही सिद्धी आहे. तिची नक्कल करू नये.

आपल्यासारख्यानं पुठ्ठा घ्यावा. साइडच्या कव्हरचे बोल्ट वरून सारखे दिसतात, सगळ्यांना आठ नंबरचाच पाना लागतो, पण लांबी वेगळी. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो. आपल्याला वाटतं आवळला, कव्हर मात्र सैलच. आखूड बोल्ट लांबाच्या जागी गेला तर दोन-तीन आट्यांवर लटकतो, ॲल्युमिनियमचे आटे घेऊन बाहेर येतो आणि लेथवाल्याची दिवाळी दसऱ्याआधीच होते. म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढायचा, जिथं भोक तिथं भोक पाडायचं, तिथला बोल्ट तिथंच खोचायचा आणि शेजारी मिलिमीटरमध्ये लांबी लिहायची. हल्ली लोक मोबाइलवर फोटो काढून निर्धास्त होतात. फोटोत बोल्टचं फक्त डोकं दिसतं. त्याची सगळी गुपितं आत असतात.

व्हॉल्व्हचे कॉटर ज्वारीच्या दाण्याहून थोडेच मोठे. त्यांच्यासाठी जुना मसाल्याचा डबा मिळाला. हळदीच्या वाटीत इनलेटचे, मोहरीच्या वाटीत एक्झॉस्टचे, आपापल्या स्प्रिंगांसह. इडलीपात्रही मागून पाहिलं. त्यावर घरात जे बोललं गेलं ते छापण्यासारखं नाही.

दोन दिवस कामासाठी बाहेरगावी गेलो. आलो तर आई दारातच उभी, प्रसन्न.

"काय ते पसारा करलालास रं! सगळं धुऊन ठेवलंय बग."

खरंच धुतलं होतं. बोल्ट लखलखत होते. बारके बारक्यात, मोठे मोठ्यात, वायसर सगळे एका वाटीत. स्प्रिंगांची वेगळी वाटी. तत्त्व म्हणून यात खोट काढता येत नाही. चमचे चमच्यांत, ताटल्या ताटल्यांत, अशीच तर ही बाई आयुष्यभर घर चालवत आली. फक्त स्वयंपाकघराला वस्तू कसली आहे ते पुरतं, इंजिनाला ती कुठली आहे तेही लागतं.

"आई, हा बोल्ट कुठला होता?"

"बोल्टांतला."

मग मी तेर काढलं. धाराशिवच्या माणसाचा वाद हरायला आला की तो तेर काढतो. तेर म्हणजे प्राचीन तगर, पेरिप्लसमध्ये नाव असलेलं, रोमन व्यापाराचं गाव. तिथं रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचं सरकारी संग्रहालय आहे. मी म्हणालो, उत्खननात मणी सापडला तर तो कुठल्या खड्ड्यात, कुठल्या थरात होता ते आधी लिहून ठेवतात. जागा हरवली की त्याचा निम्मा इतिहास गेला.

आईनं शांतपणे ऐकून घेतलं. "पण मग धुऊनच मांडतेत न्हवं?"

पुठ्ठा वाचला होता. धान्याच्या डब्याला ओल लागू नये म्हणून खाली घातलेला. त्यावरचे आकडे शाबूत होते, म्हणून लेकीच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन एकेक बोल्ट मोजत पुन्हा खोचला. कॉटरांसाठी मात्र हात जोडून मेस्त्रीला बोलावलं. त्यानं वाटीत बोटं फिरवली, एकदा आईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि काही न बोलता नवे मागवले.

सगळं बसल्यावर एक स्क्रू उरला. बारका, काळपट. पुठ्ठ्यावर त्याचं भोक नव्हतं. मेस्त्री म्हणाला, हा स्प्लेंडरचा नाही, हिरोचा नाही, होंडाचाही नाही.

आईनं तो हातात घेतला. "अगं बाई, हा तर कुकरच्या दांड्याचा! बारका होता म्हणून बारक्यात टाकला."

नैवेद्याच्या पुरणाला डाळ शिजायची होती, म्हणून गाडीला किक मारायच्या आधी कुकरचा दांडा बसवायला घेतला. पेचकस फिरवत होतो, तेवढ्यात शेजारी उभ्या आईनं विचारलं, "ह्याचा पुठ्ठा नाही का करायचा?"