पळते झकास, उभी राहत नाही

गाडी बंद पडली म्हणून सांगितलं, तर लोक मेकॅनिकचा नंबर देतात. पण ‘पळते झकास, फक्त सिग्नलला उभी केली की नाटकं करते’ असं म्हणून बघा. जो तो स्वतःच मेकॅनिक होतो.

माझी गाडी २००२ सालची, इंजेक्शनच्या पहिल्या लाटेतली. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी युरो निकषांच्या तारखा ठरवून दिल्या आणि बघता बघता नव्या पेट्रोल गाड्यांतून कार्ब्युरेटर हद्दपार झाला. त्याच्याबरोबर गेला तो स्क्रू. पूर्वी आयडल बिघडलं की स्क्रूड्रायव्हरने अर्धा आटा पिळायचा, कान द्यायचा, पुन्हा पाव आटा उलटा. आता हा कारभार संगणकाकडे आहे, आणि तो कुणाला कारणं देत नाही.

नळस्टॉपच्या सिग्नलला माझ्या गाडीचा काटा साडेआठशेवर स्थिर राहायचा सोडून सातशे ते अठराशे येरझाऱ्या घालायचा. शेजारच्या रिक्षावाल्याला वाटे, मी शर्यत लावतोय. मग तोही रेस करून दाखवी.

निदानं भराभर आली. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, “पेट्रोलमध्ये भेसळ.” मेहुणा म्हणाला, “प्लग.” ऑफिसातल्या एकाने “सेन्सर गेलाय” असं सांगितलं, कुठला, हे विचारायचं नसतं. बायकोने मात्र एक गोष्ट अचूक टिपली होती : एसी लावला की गाडी शहाण्यासारखी वागते. “मग एसी लावूनच ठेव की!” घरातला प्रश्न तिथे मिटला होता.

मेकॅनिकने स्कॅनरला हातही लावला नाही. “हिला माझ्या स्कॅनरची पिन बसत नाही, साहेब. आणि एअर घेत असली तर दिवा लागेलच असं नाही.” पेडलवरचा पाय काढला की थ्रॉटलची झडप मिटते आणि इंजिन जगतं ते बाजूच्या बारीक वाटेने येणाऱ्या, मोजूनमापून सोडलेल्या हवेवर. त्या वाटेत काजळी साचली तरी आयडल बिघडतं, आणि भलतीकडून हवा आत शिरली तरीही.

त्याने कार्ब क्लीनरच्या डब्याला नळी लावली आणि चालू इंजिनाच्या मॅनिफोल्डभोवती जपून थोडं थोडं फवारायला सुरुवात केली. इथे फुस्स, काही नाही. तिथे फुस्स, काही नाही. मागच्या कोपऱ्यात फुस्स केलं आणि इंजिनाचा सूर बदलला. हात घालून त्याने बोटभर लांबीचा रबरी पाइप बाहेर काढला. वरून धडधाकट, खालच्या अंगाला चीर. दाबला की उघडायची, सोडला की मिटायची.

“पण मग काटा वरखाली कशाला?”

“हवा जास्त आली, आरपीएम चढले. तुमचा पाय पेडलवर नाही, तरी इंजिन जोरात. संगणकाला वाटतं, गाडी उतारावर आहे. तो पेट्रोल तोडतो. आरपीएम पडतात, की तो पुन्हा देतो. पुन्हा चढतात.”

म्हणजे इतके दिवस नळस्टॉपला उभी राहून माझी गाडी खंडाळ्याचा घाट उतरत होती!

“आणि एसी?”

“एसीचा लोड आला की आरपीएम तेवढे चढतच नाहीत. मग तोडणार कशाला?” वहिनींचं निरीक्षण चांगलं आहे, असंही तो म्हणाला. हे मी घरी सांगितलेलं नाही.

नवा पाइप बसला, दोन क्लिपा आवळल्या, काटा साडेआठशेवर येऊन बसला. मेहुण्याने फोनवर “प्लगही साफ केले असतील ना?” असं विचारून आपलं निदान शाबूत ठेवलं. काका मुद्दाम खाली आले. बॉनेटवर हात ठेवून, डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले.

“आवाजच येत नाही रे,” ते काळजीने म्हणाले. “आधी चालू आहे हे कळायचं तरी. एकदा दाखवून घे.”