आदर्श विस्तार अधिकारी

जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये राहणाऱ्या माणसास ग्रामोद्धाराची तळमळ लागते ती बहुधा दुपारच्या चहानंतर. रयतेपासून शिस्तशीर अंतर राखता यावे म्हणून गोऱ्या साहेबांनी वसविलेल्या या वस्तीत रुंद रस्ते, जुने वृक्ष आणि ऐसपैस व्हरांडे अद्याप शिल्लक असल्यामुळे, खेड्याविषयी चिंतन करण्यास जी स्वस्थता लागते ती येथे विपुल आहे. खेड्यात ती मिळत नाही, कारण तेथील लोक सदैव कामात असतात. 1956 पूर्वी या शहराचा कारभार नागपुराहून चाले, आणि त्या कारभाराबरोबर बदली होऊन इकडे आलेल्या मराठी कारकुनांच्या तिसऱ्या पिढीत मी मोडत असल्याने टिपणे काढण्याची विद्या माझ्या रक्तातच आहे. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी येथील एका संस्थेने (तिचे नाव सांगत नाही, कारण तिला प्रसिद्धी फार आवडते) शेतकरी कुटुंबांसाठी व्यावहारिक शिक्षणाचे शिबिर भरविण्याचा संकल्प सोडला, तेव्हा इतिवृत्तलेखक म्हणून माझी नेमणूक होणे क्रमप्राप्तच होते.

पहिली सभा एका सभासदाच्या व्हरांड्यात झाली. शेजारी एक मोकळा भूखंड होता. त्यात कमरेइतके गाजरगवत माजले होते आणि त्याला तुडवून सभासदांच्या मोटारी उभ्या होत्या. अध्यक्षांनी प्रास्ताविकात शेतीशिक्षणाचा समग्र इतिहास कथन केला: 1952 साली 2 ऑक्टोबरच्या मुहूर्तावर सुरू झालेली समूहविकास योजना, 1974 साली पुदुच्चेरीस उघडलेले देशातले पहिले कृषी विज्ञान केंद्र, 1979 साली निघालेला प्रयोगशाळेतील विद्या शेतापर्यंत नेण्याचा कार्यक्रम आणि 2004 साली दूरध्वनीवरून सल्ला देण्यासाठी उघडलेली किसान कॉल सेंटरे. कृषी विज्ञान केंद्रांचीच संख्या आज सातशेच्या वर गेली आहे. एवढे होऊनही 2012-13 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शंभरांपैकी जेमतेम 41 शेतकरी कुटुंबांनी आपणांस कोणाचा ना कोणाचा तांत्रिक सल्ला मिळाल्याचे सांगितले, यावरून उरलेली 59 कुटुंबे घरी नसावीत, असा निष्कर्ष एका सभासदाने काढला आणि तो एकमताने संमत झाला.

शिबिर ऑगस्टच्या अखेरीस, पाटण तहसिलीतील एका गावी भरले. मोटारी गावाच्या खळ्यात लागल्या, हारतुरे झाले आणि सचित्र व्याख्यानास आरंभ झाला. त्या भागातले लोक वाटाण्याची शेती करतात, आणि जबलपूरचा वाटाणा दूरवरच्या बाजारांत नावाजलेला आहे. परंतु व्याख्यात्यांजवळ तयार चित्रे स्ट्रॉबेरीची होती, म्हणून व्याख्यान स्ट्रॉबेरीवर झाले. त्यानंतर वाटाण्यावरील मर रोगाचे काय करावे, असे एकाने विचारले; सगळ्यांचा माल एकाच आठवड्यात बाजारात उतरला की भाव कोसळतो, तर तेवढे दिवस तो टिकवावा कोठे, असे दुसऱ्याने विचारले. दोघांनाही प्रश्न लेखी देण्यास सांगण्यात आले. स्त्रियांसाठी स्वतंत्र सत्र होते व त्यात त्यांना लोणचे घालण्यास शिकविण्यात आले. ज्यांच्या आज्यांनी लोणच्याच्या बरण्या उतरंडीला लावल्या त्या बायांनी ते शिक्षण मोठ्या सौजन्याने ग्रहण केले. फक्त एका म्हातारीने, सातबाराला इकडे जो खसरा म्हणतात त्यावर आपले नाव कसे चढवावे, एवढे विचारले. तो विषय पत्रिकेत नव्हता. हजेरीपटावर अंगठे उमटले, छायाचित्रे निघाली आणि सभा बरखास्त झाली.

परतल्यावर इतिवृत्त लिहीत व्हरांड्यात बसलो असता माझी दृष्टी शेजारच्या भूखंडाकडे गेली, आणि ज्याचा शोध आपण पाऊणशे वर्षे घेत आहो तो आदर्श विस्तार अधिकारी समोर उभा असलेला मला दिसला. गाजरगवत या देशात प्रथम नजरेस आले ते 1955 च्या सुमारास, पुण्यात. परदेशी धान्याबरोबर ते आले असे सांगतात. तेव्हापासून कोणताही अध्यादेश, अनुदान किंवा प्रवासभत्ता नसताना ते देशातल्या बांधाबांधावर रुजू झाले. एकेक झाड 15 ते 25 हजार बी धरते, आणि त्यांतले एकही बी मुख्यालयात राहण्याची तजवीज करीत नाही. जबलपुरातच अधारतालच्या बाजूस 1989 पासून तणांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. ती दरवर्षी 16 ते 22 ऑगस्ट हा आठवडा या गवताच्या निर्मूलनाच्या जागृतीसाठी पाळते, आणि फुलण्याआधी उपटा, हातमोजे घाला, कोवळ्याचे खत करा, असे स्वच्छ सांगते. सिव्हिल लाइन्सपासून अधारताल फार लांब नाही. तरी तेथील उपदेश आमच्या व्हरांड्यापर्यंत पोचला नव्हता आणि गवत मात्र पोचले होते.

केवळ वाईटच असे पसरते, असे म्हणून अध्यक्षांनी हात झटकले असते; परंतु त्याच अधारतालास 1964 साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ आहे आणि त्या विद्यापीठाने काढलेले जे. एस. 335 हे सोयाबीनचे वाण 1994 नंतर विदर्भ-मराठवाड्यात असे पसरले की नुसते ‘तीनशे पस्तीस’ म्हटले तरी तिकडे कळते. ते काही हारतुऱ्यांनी पसरले नाही. शेजाऱ्याचे पीक बांधावरून डोळ्यांनी पाहावे, खळ्यावर त्याचा उतारा मोजावा आणि पोतेभर बियाणे उसने किंवा विकत आणावे, या जुन्या पाठशाळेत ते शिकले गेले. शेतकरी अडाणी असतो म्हणून विद्या पोचत नाही, हा आमचा सिद्धांत त्या एका वाणाने निकालात काढला. पोचण्याजोगे काही असले तर ते घेण्यास तो तालुका ओलांडून जातो.

हे सर्व मी पुढील सभेत मांडले आणि निदान शेजारचा भूखंड तरी फुलोऱ्यापूर्वी साफ करावा, अशी सूचना केली. ती तत्त्वतः मान्य झाली. अंदाजपत्रक मागविण्यात आले. मंजुरी आली तेव्हा मार्गशीर्ष लागला होता आणि गवत आपले बी टाकून मोकळे झाले होते. मजुरांनी वाळलेल्या काड्या उपटल्या व त्याचीही छायाचित्रे निघाली.

गेल्या पावसाळ्यात लेखी प्रश्नांची लेखी पोच देण्यासाठी आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. मर रोगाचा प्रश्न विचारणारा गृहस्थ आम्हांस खळ्याकडे घेऊन गेला. ज्या जागी आमच्या मोटारी चिखलाने माखलेल्या चाकांनिशी उभ्या होत्या, नेमक्या त्या जागी, चाकांच्या दोन सरळ ओळींत, गाजरगवत तरारून आले होते. तो आपल्या बुंदेली वळणाच्या हिंदीत, किंचितही न हसता, एवढेच म्हणाला की साहेब, तुमच्या शिबिराचे पीक चांगले आले आहे. आता हे काढण्याचे शिबिर कधी भरविता? मी त्याला हा प्रश्नही लेखी देण्यास सांगितले.