कॅशलेस ते मेकॅनिकलेस

डिसेंबर २०१६ मध्ये ठाणे जिल्ह्यातलं धसई हे महाराष्ट्रातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं. आता पुढची पायरी, मेकॅनिकलेस. मोबाइलवर व्हिडिओ बघायचा, चाक खोलायचं, कॅलिपर ब्रेक ऑइलच्या पाइपवर लोंबकळत ठेवायचा (तारेने बांधायला वेळ कुणाला!) आणि डिस्कवर कोरलेली किमान जाडी न वाचता नवे पॅड बसवायचे. तेही एकाच चाकाला. दुसरं ‘अजून चालतंय की’. पेडल चार वेळा दाबून घट्ट न करताच गाडी काढली, तर पहिला ब्रेक शेजाऱ्याचं कुंपण लावतं. तिथून वाचलात, तर माळशेज घाट आहेच. पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल, चाकातून जळका वास, आणि शेजारच्या सीटवर काकू दोन्ही पायांनी जीव खाऊन ब्रेक दाबतायत. गाडीत तेवढाच भरवशाचा.