चौगुलेकाकांचा ताळा

चौगुलेकाकांनी गाडीचं इंजिन उघडायला पितृपक्ष निवडला, त्यामागे विचार होता. या पंधरवड्यात बारसं नाही, वास्तुशांत नाही, साखरपुड्याचं कुणी बोलावत नाही. माणूस मोकळा असतो. शिवाय काम संपवायची तारीख आयतीच मिळते, कारण खंडेनवमीला गाडी धुऊनपुसून, झेंडूची माळ घालून दारात उभी पाहिजे. "मिस्त्री म्हणतो दोन दिवस लागतील," काका म्हणाले, "आपल्याकडं तीन आठवडे आहेत. घाई नाही."

काका ३४ वर्षं बँकेत होते आणि त्यांतली शेवटची बरीचशी निरीक्षण विभागात. गगनबावड्यापासून शिरोळपर्यंत शाखा तपासत फिरायचे. एकदा कुठल्याशा शाखेत सात पैशांचा फरक निघाला म्हणून त्यांनी मुक्काम दोन दिवस वाढवला. व्यवस्थापकानं वैतागून खिशातला रुपया काढून टेबलावर ठेवला, तर काकांनी त्या रुपयाचीही नोंद केली. अशा माणसाला निवृत्त करून घरी बसवणं किती धोक्याचं असतं, हे बँकेच्या लक्षात येत नाही. कॉलनीच्या लक्षात येतं.

गाडी पुण्यातल्या पुतण्याची. त्यानं नवीन घेतली आणि ही काकांकडे आली. काकांनी आधी बॉनेट उघडलं नाही, सर्व्हिसचं पुस्तक उघडलं. पहिल्या तीन नोंदी शिक्क्यासकट होत्या, पुढची पानं कोरी. "ऑइल बदललेलंच नाही," काका म्हणाले, आणि पुतण्याचं नाव त्या दिवसापासून घरात खालच्या आवाजात घेतलं जाऊ लागलं.

रोग पहाटे कळला. रात्रभर थंड झालेली गाडी सुरू केली की पहिले दोन सेकंद कढईत फुटाणे भाजावेत तसा खर्रर्र आवाज, मग शांत. मिस्त्रीनं बॉनेटला कान लावला आणि निकाल दिला, "चेन वाजतीया साहेब. टायमिंग चेन."

इंजिनात खाली क्रँक फिरतो, वर कॅम फिरतात. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक, म्हणून वरच्या चाकाला खालच्याच्या दुप्पट दात. कॅम वॉल्व्ह उघडतात आणि मिटतात. पिस्टन वर येईल तेव्हा वॉल्व्ह त्याच्या वाटेतून बाजूला झालेला असला पाहिजे. हा सगळा कारभार या चेनवर चालतो. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये चेनऐवजी रबरी पट्टा होता. तो ठरलेल्या किलोमीटरला बदलायचा, भानगड नाही. चेनचं मात्र असं सांगतात की ती आयुष्यभर टिकते. "कुणाच्या आयुष्यभर?" काकांनी विचारलं होतं. मिस्त्री काही बोलला नाही.

चेनला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्री ऑइल खाली उतरतं, सकाळी दाब यायला क्षणभर लागतो, आणि तेवढ्यात ढिली चेन खडखडते. ढिली का, तर ती ताणली म्हणून, असं सगळे म्हणतात. काकांना ते पटलं नाही. लोखंड काय इलॅस्टिक आहे ताणायला? जुनी चेन निघाल्यावर त्यांनी जुनी आणि नवी शेजारी शेजारी खिळ्याला टांगल्या. जुनी ज्वारीच्या एका दाण्याएवढी लांब भरली. भिंग घेऊन बसल्यावर कारण सापडलं. प्रत्येक कडीतली पिन केसाहून कितीतरी कमी झिजलेली, पण कड्या शंभरावर. "प्रत्येक खात्यात नया पैसा मारायचा," काका हरखून म्हणाले, "आणि शंभर खाती! ही चेन नाही हो, ही अफरातफर आहे." इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

मिस्त्रीनं बजावलं होतं. "साहेब, ह्यात हात घालू नगासा. एक दात हुकला तर वॉल्व्ह वाकत्यात." काकांवर उलटा परिणाम झाला. एका दाताचा फरक! म्हणजे हे काम तर खास निरीक्षण विभागाचंच.

मग काकूंच्या स्वयंपाकघराची जप्ती सुरू झाली. इंजिनाचा एका बाजूचा आधार सोडायचा तर खालून जॅक लावायला हवा, आणि जॅक नि इंजिनाच्या मध्ये लाकूड. ते लाकूड म्हणून शिसवी पाट गेला. "मुंजीला आणलेला पाट," काकू म्हणाल्या, "आता ह्याला बसवा त्यावर." पुढच्या झाकणाचे बोल्ट निरनिराळ्या लांबीचे. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर कास्टिंग फुटतं, म्हणून इडलीपात्र गेलं. प्रत्येक खळग्यात एक बोल्ट आणि चिठ्ठी: 'वरून तिसरा, डावीकडे, चौगुले' आणि तारीख. दर चिठ्ठीवर सही. त्या पंधरवड्यात त्या घरात इडली झाली नाही. सोळावा खळगा रिकामा निघाला तेव्हा काकांनी रीतसर तपासणी केली आणि बोल्ट काकूंच्या चहाच्या गाळणीत सापडला. तो तिथे कसा गेला याचा खुलासा दोन्ही बाजूंनी झालेला नाही.

क्रँकपुलीचा बोल्ट सुटेना. गाडी पाचव्या गियरमध्ये टाकली, ब्रेक दाबून धरायला काकूंना आत बसवलं. त्या रिकाम्या कशा बसतील, मांडीवर मेथीची जुडी घेतली. काकांनी पान्याला चार फुटी पाइप लावला आणि त्यावर लोंबकळले. पहिल्यांदा काका खाली, दुसऱ्यांदा चष्मा खाली. तिसऱ्यांदा फटाका फुटावा तसा आवाज झाला. काकूंनी मान वर न करता विचारलं, "बोल्ट की कंबर?"

पुली धरायला एक खास हत्यार लागत होतं. शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्याला हवेत नुसतं बोट फिरवून दाखवलं तरी वस्तू तयार मिळते. काका तीन बाजूंचं चित्र, मापं आणि दोन प्रती घेऊन गेले. लेथवाल्यानं एका प्रतीवर वडा ठेवून खाल्ला, दुसरी न बघता हत्यार बनवलं. ते अचूक बसलं. काका त्यावर जवळजवळ नाराज होते.

खरा घोटाळा घटस्थापनेनंतर झाला. नवीन चेनच्या तीन कड्यांना पिवळा रंग असतो. एक कडी खालच्या चाकाच्या खुणेवर, दोन वरच्या दोन चाकांच्या खुणांवर आल्या की टायमिंग लागलं. काकांनी ते लावलं, टेन्शनरची पिन काढली, आणि नियमाप्रमाणे स्पार्क प्लग काढून हातानं दोन फेरे फिरवले. कुठं अडकत तर नाही ना, हे बघायचं म्हणून. चाकांच्या खुणा बरोबर जागेवर परत आल्या. पिवळ्या कड्या भलतीकडेच.

काकांनी चेन उतरवून पुन्हा लावली. दोन फेरे. कड्या गायब. तिसऱ्यांदा तेच. त्या रात्री काका जेवले नाहीत. मिस्त्रीला फोन केला तर तो म्हणाला, "त्या कड्या बसवतानाच बघायच्या साहेब. फिरवल्यावर परत येत नसत्यात. चाकाच्या खुणा जुळल्या न्हवं? झाकण लावा."

"येत नसत्यात म्हणजे?" काका मला म्हणाले. "जातात कुठं?"

माझी सई सातवीत आहे. ती टांगलेल्या जुन्या चेनच्या कड्या खडूनं मोजत होती. "काका, कड्या १४२. खालच्या चाकाला दात किती?" एकोणीस. वर अडतीस. सईनं फरशीवरच आकडेमोड केली. "अहो, हा लसाविचा प्रश्न आहे! अडतीस आणि एकशे बेचाळीसचा लसावि २६९८. एका फेऱ्याला चेन १९ कड्या सरकते. म्हणजे १४२ फेऱ्यांनी सगळं परत जुळेल."

कुणीही समजूतदार माणूस इथं हसून झाकण लावतो. गणितानं सिद्ध झालं, संपलं. काकांनी बाही वर केली. "गणित बरोबर असेल," ते म्हणाले, "पण ताळा पाहिल्याशिवाय सही नाही."

अष्टमीच्या रात्री आरती आटोपून सगळी कॉलनी पार्किंगमध्ये. काका पाना फिरवतायत, फक्त सरळ, कारण उलटं फिरवलं तर चेन ढिली पडते. मध्येच काकू चेनवर ऑइल सोडतायत, देवापुढच्या समईत घालावं तसं. पोरं मोठ्यानं मोजतायत. सत्त्याण्णवला भांडण झालं. वरच्या मजल्यावरचा बंटी म्हणे अठ्ठ्याण्णव. काकांचा चेहरा पडला, ते शून्यापासून सुरू करायला निघाले. पण सईनं चार उभ्या एक आडवी अशा रेघा वहीत मारल्या होत्या. सत्त्याण्णवच. काकांनी त्या पानावर सही केली. सव्वाशेच्या पुढं कुणी बोलेना. एकशे एक्केचाळीस. काकांनी घाम पुसला आणि पाना हळू, फार हळू ओढला. तीन पिवळ्या कड्या कुठून कुठून फिरून आल्या आणि आपापल्या खुणेवर येऊन थांबल्या.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. काका काही बोलले नाहीत. उकिडवे बसले आणि बॅटरी लावून बघत राहिले. झाकण त्या रात्री लागलं नाही. एवढं जुळलेलं लगेच झाकायला त्यांचा हात धजेना, असं मला वाटलं. ते म्हणाले सिलिकॉन सकाळी लावू.

खंडेनवमीच्या सकाळी सिलिकॉन लागलं, संध्याकाळपर्यंत वाळलं. पाने, गोट्या, लेथवरचं हत्यार आणि शिसवी पाट यांची पूजा झाली. दसऱ्याच्या पहाटे गाडी थंडगार असताना काकांनी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. खर्रर्र नाही, खट्ट नाही, काही नाही.

सगळ्यांना थोडं चुकल्यासारखं झालं. तीन आठवड्यांची मेहनत, आणि ऐकायला काहीच नाही! काकांचं तसं नव्हतं. तेव्हापासून रोज पहाटे साडेसहाला ते मला खिडकीतून हाक मारतात. मी स्वेटर घालून खाली जातो. काका किल्ली फिरवतात आणि माझ्या तोंडाकडं बघतात.

"ऐकलंत?"

"नाही."

"हां!" काका म्हणतात, आणि गाडी बंद करतात.