राजाला तीस वर्षं, आम्हाला अडीच तास

एक दिवसाच्या सहलीचं वेळापत्रक हा मराठी गद्यातला सर्वांत आशावादी प्रकार असावा. 'रत्नागिरी शहर, सांस्कृतिक दर्शन : १०.०० ते १२.३०. जेवण : १२.३० ते १.१५. आरे-वारेमार्गे गणपतीपुळे. सूर्यास्त : ६.०५.' पाऊण तासात जेवून हात धुऊन गाडीत बसणारी दादरची मंडळी हे पत्रक करणाऱ्याने कुठे पाहिली, देव जाणे. पण खरी मेख शेवटच्या ओळीत आहे. बाकीच्या सगळ्या वेळा 'साधारण' या सदरात मोडतात. सूर्यास्ताची तेवढी मिनिटासकट. अख्ख्या सहलीत वेळ पाळणारा तो एकटाच असतो, म्हणून तोच सगळ्यांच्या मुळावर येतो.

सूर्यास्त गाठायचा म्हटलं की त्याआधीचं सगळं आपोआप 'वेळ काढणे' या खात्यात जातं. शहर म्हणजे सूर्यास्ताची वेटिंग रूम. जन्मस्थानं, राजवाडे, देवळं, वाचनालयं ही त्या वेटिंग रूममधली जुनी मासिकं. चाळायची आणि ठेवून द्यायची.

आता रत्नागिरीबद्दल इंग्रजांचं मत काय होतं पाहा. कोणाला अडकवून ठेवायचं असेल तर त्याला ते रत्नागिरीला पाठवत. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला १८८५ साली पदच्युत केला, मद्रासमार्गे १८८६ साली इथे आणून ठेवला आणि १९१६ साली तो इथेच वारला. तीस वर्षं. सावरकरांना १९२४ पासून १९३७ पर्यंत इथेच स्थानबद्ध केलं. तेरा वर्षं. आमच्या वाट्याला अडीच तास. शिक्षा कमी होत गेली असं म्हणावं, तर आम्ही त्यासाठी माणशी पैसे भरले होते आणि 'रिफंड मिळणार नाही' हेही वाचलं होतं.

थिबा राजवाड्यात शिरल्यावर एका काकूंनी अगदी मुद्द्याचा प्रश्न विचारला. "अहो, पण ब्रह्मदेश सोडून हा इथे कशाला आला?"

सहलप्रमुखांनी क्षणभर विचार केला. "हापूस असेल."

काकूंचं समाधान झालं. मागे उभ्या असलेल्या दोघांनी मानाही डोलावल्या.

राजवाडा १९१० साली पुरा झाला. म्हणजे राजाला रत्नागिरीत येऊन चोवीस वर्षं झाल्यावर. तोवर तो बंगल्यांतून राहिला. सरकारी काम, त्याला राजा काय करणार! जेमतेम सहा वर्षं त्याने या वास्तूचा उपभोग घेतला. आज तिथे पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. लाकूडकाम सागवानी, कमानी देखण्या, आणि मागच्या बाजूने भाट्याची खाडी आणि समुद्र असा काही दिसतो की काही न करता तासभर बसावं. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी तो देखावा पाठीशी घेतला आणि मोबाइलकडे बघून हसले.

या वास्तूत मला एक हिशेब नेहमी खुणावतो. मंडालेचा राजा रत्नागिरीत कोंडला होता, त्याच काळात रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. १९०८ ते १९१४. म्हणजे इथे थिबाच्या नव्या राजवाड्याचं काम पुरं होत होतं, तेव्हा तिकडे 'गीतारहस्य' लिहून होत होतं. इंग्रजांनी दोन गावांची माणसं बदलून टाकली. याआधी त्यांनी दिल्लीच्या बादशहाला रंगूनला धाडलंच होतं; तेव्हा हा त्यांचा आवडता खेळ असणार. टिळकांचं जन्मघर टिळक आळीत, राजवाड्यापासून गाडीने काही मिनिटांवर. दोन्ही जागा आम्ही लागोपाठ पाहिल्या. एकाच गाडीतून, एकाच सकाळी. पण मधल्या रस्त्यात चर्चा काय, तर संध्याकाळी ढग येतील का.

टिळकांच्या घराचं कौतुक असं, की ते अजून घरासारखं आहे. उतरती कौलं, अंगण, गार सावली. बाहेरच्या उन्हातून आत पाऊल टाकलं की डोळ्यांना दिसायला लागण्याआधी पायांना गारवा कळतो. १८५६ साली इथे जन्मलेलं पोर दहाव्या वर्षी पुण्याला गेलं आणि पुढे पुणेकरांनी ते परत दिलंच नाही. आमच्यापैकी एका गृहस्थांना हे घर पाहून भरून आलं. "आता असं घर बांधायचं तर स्क्वेअर फुटाला काय पडेल?" असं ते म्हणाले.

थिबाची समाधी वेळापत्रकात नव्हतीच. ती भर वस्तीत आहे. म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन २०१२ साली तिच्या दर्शनाला आले होते. आम्हाला ती वाकडी वाट पडली असती. त्याहून सुरस भाग तर कुठल्याच सहलीत बसत नाही. थिबाच्या थोरल्या राजकन्येचं राजाच्या मराठी दरवानाशी सूत जुळलं. त्यांची मुलगी, म्हणजे ब्रह्मदेशच्या राजाची नात, रत्नागिरीत गरिबीत संसार करून, मराठी बोलत म्हातारी झाली. शहराची संस्कृती म्हणतात ती ही. तिच्यासमोर उभं राहून फोटो काढता येत नाही, हीच तिची अडचण.

पतितपावन मंदिरात तर आमच्या मंडळींनी चप्पलही धड काढली नाही, पायरीवरूनच नमस्कार केला. "लक्ष्मीनारायण आहेत ना? पाहिलेत आम्ही," असं एक जण म्हणाला. लक्ष्मीनारायण जगभर आहेत हो. पण १९३१ साली, सगळ्या जातींना सरसकट आत घेणारं देऊळ म्हणून जे बांधलं गेलं ते हे. प्रेरणा सावरकरांची, पैसा भागोजीशेठ कीर यांचा. भागोजीशेठ रत्नागिरीचे, भंडारी समाजातले, गरिबीतून वर येऊन मुंबईत मोठे कंत्राटदार झालेले. दादरची स्मशानभूमी ही त्यांचीच देणगी. तेव्हा तमाम दादरकरांनी या देवळात जरा जास्त वेळ थांबायला हरकत नव्हती. ज्याने आपल्या शेवटच्या सहलीची सोय आधीच करून ठेवली, त्याला दोन मिनिटं काय जड आहेत? मी हे बोलून दाखवलं. दोघांनी 'शुभ बोला' असं सांगितलं आणि तिसऱ्याने घड्याळ दाखवलं.

मग जेवण. इथे मात्र वेळेचं भान कोणालाच राहिलं नाही, कारण मोठा धर्मप्रश्न उभा राहिला. संध्याकाळी गणपतीचं दर्शन. मग दुपारी सुरमई चालेल का? एका पक्षाचं म्हणणं, शनिवार आहे, संकष्टी नाही, मंगळवार नाही, बाधा नाही. दुसरा पक्ष म्हणे, वार कुठलाही असो, देवाच्या दारात मासे खाऊन जायचं नाही. एका मध्यममार्गी गृहस्थांनी बारा ते सहा हे सहा तास पचनाला पुरेसे असल्याचं वैद्यकीय मत दिलं. त्यांच्या सौभाग्यवतींनी ते खोडून काढलं. आणखी एकाने सुरमई मागवून टाकली आणि 'मी कळसाचंच दर्शन घेईन' अशी तडजोड जाहीर केली. हा सगळा वाद ताटं हातात घेऊन ऐकणाऱ्या मावशी शेवटी म्हणाल्या, "काय ता लवकर ठरवा. समुद्राकाठी बसलाय तो देव. त्याला माशाचा वास नवा हाय होय?"

या युक्तिवादापुढे शाकाहारी पक्ष निम्म्यावर आला. सोलकढीवर तर दोन्ही बाजूंचं एकमत होतंच. वाटीवर वाटी गेली. हात धुताना साबण मात्र सगळ्यांनी दोनदा लावला.

या धर्मसभेत शहराचा उरलेला भाग बुडाला. १८२८ पासून चालू असलेलं जिल्हा नगर वाचनालय गाडीच्या खिडकीतूनही नीट दिसलं नाही. रत्नदुर्ग आणि भगवतीचं देऊळ 'पुढच्या वेळी'. मांडवी 'तिथे काय, नुसता धक्का आहे'. आता या धक्क्याबद्दल मला दोन शब्द बोलायचे आहेत. रत्नागिरीकर रोज संध्याकाळी तिथे येतो, भेळ घेतो, समोर सूर्य बुडतो, भेळ संपते, घरी जातो. राजवाड्यामागून तोच सूर्य, रत्नदुर्गावरून तोच सूर्य. पश्चिमेला समुद्र असलेल्या गावातून, सूर्यास्त बघायला म्हणून दुपारी तीनलाच गाशा गुंडाळून निघणं हे फक्त वेळापत्रकालाच सुचू शकतं.

पण निघालो. आरे-वारेचा रस्ता सुंदर आहे, त्यात वाद नाही. चढ संपून गाडी वळली की खाली दोन किनारे एकदम उघडतात आणि बोलणारी माणसं वाक्य अर्धं सोडतात. ड्रायव्हरला हे ठाऊक असल्यामुळे तो न विचारताच गाडी बाजूला घेतो. तिथे आधीच ओळीने थांबलेल्या गाड्या, आणि प्रत्येकाच्या फोटोत दुसऱ्याची गाडी.

गणपतीपुळ्याला पोचलो तेव्हा सूर्य बराच वर होता. म्हणजे इतकी घाई करून आम्ही वेळेआधी आलो होतो! या मोकळ्या वेळात प्रदक्षिणा सहज झाली असती. इथे डोंगर हाच देव, म्हणून प्रदक्षिणा डोंगराला. एकूण किलोमीटरभराची वाट. पायाखाली दगडी फरसबंदी, एका हाताला झाडी, दुसऱ्या हाताला समुद्र कधी दिसणारा, कधी नुसता ऐकू येणारा. पुळ्यातली सगळ्यात चांगली गोष्ट ती. पण 'मध्येच सूर्य गेला तर?' या भीतीने बहुतेकांनी देवळाभोवतीच गिरकी घेतली. उंदराच्या कानात इच्छा सांगायला मात्र रांग लागली होती. एका काकांनी इतका वेळ लावला की मागच्यांना वाटलं, मुलाच्या लग्नाचं असेल. ते ढगांचं होतं.

किनाऱ्यावर उंट होता. कोकणात उंट कसा, हे विचारायचं नसतं; समुद्र आला की उंट आलाच. घोडेही होते, वाळूवर भरधाव सुटणाऱ्या चारचाकी मोटारसायकली होत्या, भाजलेली कणसं होती. इथला समुद्र फसवा आहे, दरवर्षी माणसं बुडतात. तसा इशारा देणारा फलक आहे आणि त्याला ओले कपडे वाळत घालण्याचा उपयोग होतो. जीवरक्षक शिट्टी फुंकून बेजार झाला होता. त्याच्यासोबतही एकीने सेल्फी मागितला.

आता या देवाची बैठक लक्षात घ्या. पुळ्याचा गणपती पश्चिमाभिमुख, पश्चिमद्वारदेवता म्हणून त्याची ख्याती. त्याची नजर थेट समुद्राकडे. सूर्यास्त बघायला त्याला गाडी करावी लागत नाही. सहा वाजत आले तशी गर्दी देवळातून उठून वाळूत उतरली आणि देव व समुद्र यांच्या बरोबर मधोमध, देवाकडे पाठ करून उभी राहिली. मग सूर्यालाही पाठ केली, कारण फोटोत चेहरा यायला हवा. आता चिमटीत सूर्य पकडण्याची कवायत. "अजून खाली… डावीकडे… अगं, तुझ्या नखावर आलाय, बोट मिट!" असं अख्ख्या किनाऱ्यावर चाललं होतं.

आणि मग त्याने दगा दिला. क्षितिजापासून चार बोटं वर असतानाच धुरकट पट्ट्यात शिरला, तांबूस डाग झाला आणि गेला. ६.०५ ला समुद्रात पडायचं ठरलेलं होतं, ५.५८ लाच कारभार आटोपला. गर्दीतून 'हॅट' असा एकमुखी उद्गार निघाला. सगळ्यांच्या नजरा सहलप्रमुखांकडे वळल्या, जणू मीटिंगला पाहुणे बोलावून त्यांनीच हॉल बुक केला नव्हता.

"यापेक्षा आपल्या दादर चौपाटीला बरा दिसतो," एक जण म्हणाला. ते खरंही असेल. सूर्य तोच, समुद्रही तोच, आणि तिथे पायी जाता येतं.

अंधार पडल्यावर मी मालगुंडचा विषय काढला. पुळ्याहून दीड-दोन किलोमीटर. केशवसुतांचं जन्मगाव, १८६६ चा जन्म. कोकण मराठी साहित्य परिषदेने तिथे त्यांचं स्मारक केलं आहे, जुनं कौलारू घर राखलं आहे. मराठी कविता जिथून कूस बदलून उठली, ती जागा. "आता काळोखात काय दिसणार?" हा प्रश्न बिनतोड होता. उजेड होता तेव्हा आम्ही सूर्याची वाट बघत बसलो होतो. शिवाय रात्रीची तुतारी एक्सप्रेस गाठायची होती. ज्या कवीच्या कवितेवरून २०१७ साली गाडीचं नाव ठेवलं, ती गाडी चुकेल म्हणून त्या कवीच्या घरी जायचं नाही, हा व्यवहार इतका चोख होता की मी गप्प बसलो.

गाडीत बर्थ लावून झाल्यावर एका काकूंनी सहज विचारलं, "तुतारी नाव का बरं ठेवलं असेल?"

"पवारसाहेबांचं चिन्ह नाही का ते," वरच्या बर्थवरून उत्तर आलं.

"काहीतरीच काय. चिन्ह परवाचं, २०२४ चं. गाडी आधीची आहे."

"मग त्यांनी गाडीवरून घेतलं असेल."

संगमेश्वर गेलं तरी यावर तोडगा निघाला नव्हता. चिपळूणला चहावाला आला, तेव्हा त्यालाही विचारण्यात आलं.